तुकडा केवढा हवा?

डॉक्टरबाईंना विचारा: या महिन्यात फुप्फुसाच्या बायोप्सीबद्दल

*सप्रेम नमस्कार डॉक्टरबाई,*
*माझे बाबा ६३ वर्षांचे. डिचोलीत एका सोसायटीत कारकून होते, आता निवृत्त आहेत. विडी-सिगरेट कधीच नाही. दीड वर्षापासून कोरडा खोकला आहे आणि हल्ली माडीचा जिना चढताना मध्येच थांबतात. एचआरसीटीत (छातीच्या बारकाईच्या सीटीत) दोन्ही फुप्फुसांत फायब्रोसिस (व्रण पडून आलेला ताठरपणा) दिसतो, पण तो नेमका कुठल्या प्रकारचा ते ठरवता येत नाही असं लिहिलंय. एफव्हीसी (एका दमात बाहेर टाकलेली हवा) ६८ टक्के, डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू जाण्याची क्षमता) ५२ टक्के. डॉक्टर म्हणतात बायोप्सी करावी लागेल, म्हणजे फुप्फुसाचा तुकडा काढून तपासावा लागेल: एक तर दुर्बिणीतून गोठवून, म्हणजे क्रायोबायोप्सी, नाही तर ऑपरेशन करून. दोन्हींसाठी गोव्याबाहेर जावं लागेल. काका म्हणतात, फुप्फुसाला सुरी लागली की रोग पसरतो. बाबा स्वतः काहीच बोलत नाहीत. संध्याकाळी माडीवर भजनाची पेटी घेऊन बसतात आणि खोकत खोकत वाजवतात. मध्ये महिनाभर पुण्याला भावाकडे होते तेव्हा बरे होते, घरी आले आणि पुन्हा तेच सुरू. आम्ही कुठली बायोप्सी करावी?*
*— एक वाचक, डिचोली*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. शेवटाकडच्या पुण्याच्या ओळीशी अडकले, पण तिच्याकडे नंतर येते. आधी काकांना उत्तर देऊ, नाही तर ते दर जेवणाला हाच विषय काढतील.

बायोप्सीने फायब्रोसिस पसरत नाही. मात्र काकांची भीती अगदीच पोकळ आहे असंही मी म्हणणार नाही. ज्यांचं फुप्फुस आधीच थकलेलं आहे त्यांच्यात ऑपरेशननंतर आजार एकदम उसळू शकतो, आणि ती उसळी जीवावर बेतते. म्हणून बायोप्सी करायची की नाही हा प्रश्न आधी सोडवायचा, कुठली करायची हा त्यानंतरचा.

मी छातीची डॉक्टर नाही हे जुन्या वाचकांना माहीत आहे. मी पॅथॉलॉजिस्ट. एकतीस वर्षं माझ्या टेबलावर पेशंट आलेच नाहीत, त्यांचे तुकडे आले, फॉर्मालिनच्या बाटलीतून. त्यामुळे बायोप्सीकडे मी उलट्या बाजूने बघते: बाटली उघडल्यावर आत काय असतं आणि त्यावरून मला काय सांगता येतं.

स्वयंपाकघराच्या मापात सांगते. साध्या दुर्बिणीतून चिमट्याने काढलेला तुकडा मोहरीएवढा. क्रायोचा तुकडा चवळीच्या दाण्याएवढा. ऑपरेशनचा तुकडा म्हणजे लिंबाची फोड, तीही बहुधा दोन-तीन वेगवेगळ्या जागांहून घेतलेली.

पण नुसत्या मापाने भागत नाही, तुकडा फुप्फुसाच्या कुठल्या भागातला आहे तेही बघावं लागतं. आपल्याकडची जुनी घरं आठवा. मधोमध राजांगण, त्याच्या भोवती खोल्या, बाहेरून भिंत आणि मग परसू. फुप्फुसाचा छोट्यात छोटा घटक साधारण असाच असतो. मधोमध श्वासाची बारीक नळी, भोवती वायुकोशांच्या खोल्या, आणि फुप्फुसाच्या कडेला असलेल्या घटकांना बाहेरून भिंतीसारखं फुप्फुसावरचं आवरण. आयपीएफ नावाचा, कारण न सापडणारा जो फायब्रोसिस आहे तो परसवाकडून आत येतो. आधी बाहेरची भिंत पडते, राजांगणाजवळच्या खोल्या बराच काळ धड असतात. पडकी खोली आणि धड खोली शेजारी शेजारी दिसणं हीच त्याची खूण. याउलट बुरशी किंवा पक्ष्यांची पिसं-विष्ठा श्वासातून आत जाऊन जो आजार होतो, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, तो राजांगणापासून सुरू होतो, कारण तो हवेबरोबर नळीतूनच येतो.

चिमट्याने मला त्या घराचं एक कौल मिळतं. त्यावरून घर कोणाचं ते ओळखा म्हणाल तर कशी ओळखू? क्रायोने राजांगण आणि भोवतीच्या दोन-तीन खोल्या मिळतात, पण बाहेरची भिंत बहुतेक वेळा नसते. ती नसावीच अशी काळजी घेतात, कारण भिंत तुकड्यात आली म्हणजे फुप्फुसाला बाहेरून भोक पडलं. क्रायोच्या स्लाइडमध्ये फुप्फुसावरच्या आवरणाची गुलाबी पट्टी दिसली की माझा हात आधी फोनकडे जायचा: ‘डॉक्टर, पेशंटचा एक्स-रे पुन्हा बघा, हवा साचली असेल.’ ऑपरेशनमध्ये मात्र भिंतीपासून राजांगणापर्यंत सगळं एकसंध मिळतं.

क्रायो नेमकी होते कशी? फ्रीजरमधल्या बर्फाच्या ट्रेला ओलं बोट चिकटतं ना, तसंच. पेशंटला भूल देऊन घशातून नळी घालतात. दुर्बिणीतून एक बारीक सळई फुप्फुसाच्या कडेच्या जवळ नेतात. किती जवळ, ते एक्स-रेच्या पडद्यावर बघत: आवरणापासून साधारण एक सेंटिमीटर आत. मग पायाने पेडल दाबलं की सळईच्या टोकाशी दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड एकदम मोकळा होतो आणि टोक शून्याखाली सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत थंड होतं. चार-सहा सेकंदांत आजूबाजूचं फुप्फुस गोठून सळईला चिकटतं आणि डॉक्टर हिसका देऊन ते ओढतात. गोठलेला गोळा दुर्बिणीच्या भोकातून मागे येत नाही एवढा मोठा असतो, म्हणून दुर्बीण, सळई आणि तुकडा असं सगळं एकदम बाहेर काढावं लागतं. तेवढे काही क्षण आत रक्त वाहत असतं आणि बघायला दुर्बीण नसते. ते रक्त अडवायला आधीच एक छोटा फुगा त्या भागाकडे जाणाऱ्या श्वासनळीच्या तोंडाशी बसवून ठेवतात आणि तुकडा निघताक्षणी फुगवतात. कुठेही क्रायो करून घ्यायची ठरवलीत तर हा फुगा वापरतात का आणि घशात नळी घालूनच करतात का, एवढं जरूर विचारा. उत्तर देताना कोणी चाचरलं तर दुसरीकडे बघा.

बाहेर आलेला गोळा कोमट सलाइनमध्ये हलकेच वितळवून सोडवतात. पहिल्यांदा असा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली होती. चिमट्याचे तुकडे चेंगरलेले असतात, पेशी ताणून शाईचे फराटे ओढल्यासारख्या. क्रायोत वायुकोश उघडे, जाळीदार, जसे असतात तसे. ऑपरेशनचा तुकडा मात्र हवा जाऊन आक्रसलेला येतो. मी बारीक सुईने त्यात हळूहळू फॉर्मालिन भरायची, मग तो मऊ पावासारखा फुगून यायचा. ते काम मी कधी कोणाकडे सोपवलं नाही.

ऑपरेशन म्हणजे छातीला दोन-तीन बारीक छेद, कॅमेरा आणि स्टेपलर. एक फुप्फुस मिटवून दुसऱ्यावर श्वास चालू ठेवतात. नंतर छातीत नळी, काही दिवस हॉस्पिटल आणि दुखणं. काहींचं ते कित्येक महिने राहतं. अमेरिकेतल्या २००० ते २०११ या वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा ठरवून केलेल्या अशा ऑपरेशननंतर हॉस्पिटलातच दगावणाऱ्यांचं प्रमाण १.७ टक्के निघालं, आणि घाईत, आजार उसळलेला असताना केलेल्यांत १६ टक्के. दुसरा आकडा लक्षात ठेवा. क्रायोत मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आत आहे, पण शंभरात आठ-दहा जणांच्या छातीत हवा साचते आणि त्यातल्या काहींना नळी घालावी लागते. थोडाफार रक्तस्राव तर नेहमीचाच.

मग निदान किती जणांत होतं? ऑपरेशनने सुमारे नव्वद टक्क्यांत, क्रायोने सुमारे ऐंशी. पण क्रायोने झालेलं निदान आणि ऑपरेशनचं निदान एकच असतं का? यावर दोन अभ्यास एकमेकांशी भांडले. २०१९ मध्ये फ्रान्स आणि इटलीतल्या डॉक्टरांनी २१ पेशंटांत दोन्ही बायोप्स्या करून बघितल्या, तर उत्तरं जेमतेम ३८ टक्के वेळा जुळली. आम्हा पॅथॉलॉजिस्ट मंडळींत तेव्हा ‘बघा, आम्ही म्हणतच होतो’ असा सूर निघाला. मग ऑस्ट्रेलियातला ‘कोल्डाइस’ अभ्यास आला: नऊ हॉस्पिटलं, ६५ पेशंट, प्रत्येकाच्या दोन्ही बायोप्स्या, आणि तुकडा कोणाचा हे पॅथॉलॉजिस्टना माहीत नाही. नुसत्या स्लाइड बघून सुमारे ७१ टक्के वेळा जुळलं. सगळ्यांनी एकत्र बसून सीटी आणि पेशंटची हकिकत समोर ठेवली तेव्हा ७७ टक्के. आणि जिथे क्रायोवरून टीम खात्रीने बोलली होती तिथे ९५ टक्के. याचा सरळ अर्थ मी असा घेते: क्रायोवरून खात्रीचं उत्तर आलं तर तिथे थांबा. ‘असू शकेल’ म्हणत असतील तरच ऑपरेशनचा विचार करा. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही, जिथे हे काम सरावाने होतं अशा केंद्रांत, ऑपरेशनऐवजी क्रायो चालेल असं म्हटलं. ‘सरावाने’ हा शब्द वाचून सोडून देऊ नका. वर्षाला किती करता, असं विचारायला लाजू नका. आपण आंबेसुद्धा दाबून बघूनच घेतो.

आता पुण्याची ओळ.

बाबा पुण्याला बरे, घरी आले की आजारी. ही गोष्ट तुम्ही डॉक्टरांना सांगितलीत का? बहुतेक नाही, कारण पत्रातही ती तुम्ही बाबांच्या पेटीनंतर सहज लिहून टाकलीत. जागा बदलली की आराम आणि परतलं की त्रास, हे हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचं वागणं आहे. आपल्या देशात हा आजार दुर्मीळ नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, फुप्फुसाच्या अशा आजारांच्या भारतीय नोंदवहीत २७ केंद्रांतले १०८४ पेशंट होते, त्यांत सगळ्यात मोठा गट याच आजाराचा, ४७ टक्के. त्यातल्या जवळपास निम्म्यांच्या घरी एअर कूलर होता, म्हणजे बुरशीला ओलसर जागा. गोव्याच्या दमट हवेत कूलर कोण लावतो? पण कूलरची गरजच काय, आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीच कूलर झालेल्या असतात.

तेव्हा तिकिटं काढण्याआधी माडीवर जा. कौलं गळतात का? भिंतीला काळे-हिरवे डाग आहेत का? कपाट भिंतीपासून ओढून मागे बघा. जुन्या कापसाच्या गाद्या, ओलसर वह्या, भाताचा पेंढा, एसीची कधी न धुतलेली जाळी, छपराखाली कबुतरं. आणि पेटी उघडून तिचा भाता बघा. पेटीवर माझा आरोप नाही. पण २०१६ मध्ये इंग्लंडच्या डॉक्टरांनी एका बॅगपाइप वाजवणाऱ्याची हकिकत नोंदवली आहे. हाच आजार, वर्षानुवर्षं खोकला, आणि ऑस्ट्रेलियाला तीन महिने वाद्य घरी ठेवून गेला तेव्हा एकदम बरा. नंतर वाद्याच्या पिशवीत बुरशी सापडली. तोवर उशीर झाला होता, तो वाचला नाही. बॅगपाइपमध्ये फुंकतात, पेटीत फुंकत नाहीत हे खरं. तरी पावसाचे चार महिने ओल्या माडीवर राहिलेला भाता रोज संध्याकाळी तोंडासमोर हवा सोडत असेल तर मला तो बघायला आवडेल. झाडताना बाबांना खोलीबाहेर काढा आणि झाडणाऱ्याने मास्क लावा.

जे सापडेल त्याचे फोटो काढून डॉक्टरांकडे न्या आणि विचारा: आधी साध्या दुर्बिणीतून फुप्फुस धुऊन ते पाणी तपासलं तर? त्या पाण्यातल्या पेशींत तीस टक्क्यांहून जास्त लिम्फोसाइट (एका जातीच्या पांढऱ्या पेशी) निघाले, सीटीत तशा खुणा असल्या आणि घरात कारण सापडलं, तर छातीचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट मिळून बायोप्सीशिवायही निदानापर्यंत पोचू शकतात. नाहीच पोचले, तर बाबांचे ६८ आणि ५२ हे आकडे क्रायोला चालण्यासारखे आहेत, आणि मी असते तर क्रायोच आधी निवडली असती. डीएलसीओ चाळीसच्या खाली गेला की दोन्हींबद्दल हात आखडता घेतात, म्हणून हे सगळं वर्षभर लांबवू नका.

आणि एवढा खटाटोप का? कारण औषधं उलटसुलट आहेत. न्यूमोनायटिसमध्ये स्टिरॉइडचा उपयोग होऊ शकतो. आयपीएफमध्ये स्टिरॉइड आणि अ‍ॅझाथायोप्रिन देण्याची पूर्वी सर्रास पद्धत होती. २०१२ मध्ये ‘पँथर’ चाचणीचे निकाल आले तेव्हा कळलं की त्या औषधांनी पेशंट जास्त दगावत होते. आयपीएफमध्ये पिरफेनिडोन किंवा निन्टेडानिब ही फायब्रोसिसचा वेग कमी करणारी औषधं लागतात. ‘फायब्रोसिस आहे, गोळ्या द्या’ एवढ्यावर म्हणूनच भागत नाही.

*नवऱ्याच्या फुप्फुसातून दुर्बिणीने चार तुकडे काढले. रिपोर्टात ‘निदानासाठी अपुरे’ असं आलं. डॉक्टरांनी नीट काढले नाहीत का?*
*— काणकोण*

डॉक्टरांना दोष देण्याआधी विचारा की ते शोधत काय होते. सारकॉइडोसिस, क्षयरोग, फुप्फुसात पसरलेला कर्करोग असल्या आजारांत मोहरीएवढा तुकडा पुरतो. सारकॉइडच्या गाठी तर नळ्यांच्या कडेकडेनेच असतात, चिमट्याला सहज सापडतात. छातीतल्या लसीका ग्रंथींतून सुईने नमुना घेतला तर आणखी बरं. पण शोध फायब्रोसिसच्या प्रकाराचा असेल, तर ‘अपुरे’ हा प्रामाणिक रिपोर्ट आहे. ज्याने तो लिहिला त्याचे आभार माना.

मी एकदा तो प्रामाणिकपणा केला नव्हता. नोकरीतली पहिली वर्षं होती, तुकडा चेंगरलेला, वायुकोश औषधालाही नाहीत, आणि बाहेर नातेवाईक चौथ्यांदा विचारायला आलेले. मी लिहून टाकलं: ‘फायब्रोसिस, सौम्य’. ते दोन शब्द त्या माणसाच्या फायलीत पुढची तीन वर्षं प्रत्येक डॉक्टरने वाचले आणि पुढे कोणी शोधच घेतला नाही. नंतर सांधे सुजले तेव्हा कुणीतरी रक्त तपासलं आणि संधिवाताने फुप्फुस धरलेलं निघालं. तुमच्या नवऱ्याचे सांधे, त्वचा, थंडीत बोटं पांढरी पडतात का, हे कोणी बघितलंय का? त्याला तुकडा लागत नाही.

*आईचं वय ७८, घरी ऑक्सिजन चालू आहे. डॉक्टर सीटी बघून म्हणाले, बायोप्सीची गरज नाही. वय झालं म्हणून टाळतात का?*
*— म्हापसा*

नाही. सीटीत फुप्फुसाच्या तळाशी आणि कडेला मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसली आणि दुसरं कारण सापडत नसलं, तर ते चित्रच निदान असतं. तुकडा काढून मीही तेच सांगितलं असतं. आणि ऑक्सिजनवर असलेल्या माणसाच्या फुप्फुसाला हात लावणं म्हणजे गळक्या होडीचं भोक किती मोठं ते बघायला फळी काढण्यासारखं. तुमचे डॉक्टर बरोबर आहेत. औषधं, ऑक्सिजन, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी याबद्दल त्यांच्याशी बोला.

*मुंबईत बायोप्सी झाली. दुसरं मत घ्यायचं आहे. तुकडा परत मागता येतो का?*
*— साखळी*

येतो. नुसता रिपोर्ट मागू नका, स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही मागा. त्या ब्लॉकमध्ये तुमचा तुकडा आहे, वर्षानुवर्षं टिकतो आणि त्यातून नव्या स्लाइड कापता येतात. सीटीची फिल्म असेल तर तिच्याबरोबर सीडीही घ्या, दुसरा रेडिओलॉजिस्ट फिल्मकडे बघणारही नाही.

पुढे कुठल्या नर्सिंग होममध्ये बायोप्सी होणार असेल तर बाटलीत काय भरतात ते विचारा. क्रायोचा तुकडा सलाइनमध्ये वितळवायचा असतो, ठेवायचा नसतो, ठेवायचा फॉर्मालिनमध्ये. एका ठिकाणाहून माझ्याकडे शनिवारी काढलेला तुकडा सोमवारी सलाइनमध्ये तरंगत आला होता. त्याच्यावरून सांगता आलं ते एवढंच, की तो कुजला होता.

आणि ब्लॉक घेऊन परत येताना मे महिना असेल तर गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण आहे ते. एक गृहस्थ असेच माझ्याकडे आले होते, रुमालात गुंडाळलेले तीन ब्लॉक, एकमेकांना चिकटलेले, आणि कुठला वरच्या लोबचा आणि कुठला खालच्या ते आम्ही दोघं दुपारभर शोधत बसलो.